आजोबा, पिन सांगा!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात मी आमच्या आप्पांबरोबर औषधं आणायला गेले होते. एरवी ते एकटेच जातात पण त्या दिवशी पाऊस होता म्हणून मी सोबत निघाले. डोंबिवलीतलं आमच्या रस्त्यावरचंच मेडिकल आहे, नाव लिहीत नाही कारण प्रश्न त्या एका दुकानाचा नाहीये. संध्याकाळची वेळ, काउंटरला सहा-सात माणसं चिकटून उभी. बिल झालं अकराशे आणि वर काहीतरी. आप्पांनी शर्टाच्या आतल्या खिशातून कार्ड काढलं, काउंटरवरच्या मुलाने ते हातातून घेतलं, मशीनमध्ये घातलं आणि मान वर न करता म्हणाला, "आजोबा, पिन सांगा." आप्पांना कमी ऐकू येतं. तो परत जोरात म्हणाला, "पिन, पिन!" आणि आप्पांनी त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात चारही आकडे सांगून टाकले.

मी काही बोलायच्या आत मुलाने आकडे दाबले पण, पावती फाडून पिशवीत टाकली आणि पुढच्याला म्हणाला, "हां, बोला काका." दुकानातल्या एकालाही यात काही वेगळं घडलं असं वाटलं नाही, मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

घरी आल्यावर आप्पांना विचारलं तर म्हणाले, अगं दर महिन्याला तोच दाबतो, मशीन आतल्या बाजूला असतं, माझा हात पोचत नाही. किती दिवस? झाली असतील दोन वर्षं. त्यांच्या पेन्शनचं खातं आहे हो ते! दोन वर्षं दर महिन्याला एक ८४ वर्षांचा माणूस आपल्या पेन्शनच्या खात्याचा पिन भर दुकानात ओरडून सांगतोय, आणि मी त्याच घरात राहते, आणि मी बँकेतून रिटायर झालेय. त्याच रात्री एटीएमवर जाऊन पिन बदलून आलो.

मी एका बँकेत ३३ वर्षं नोकरी केली आणि शेवटची काही वर्षं शाखेत कार्डाच्या तक्रारींचं टेबल माझ्याकडे होतं. म्हणून हे पत्र. कारण पिन सांगितल्यावर नेमकं काय होतं ते दुकानदाराला माहीत नसतं, ग्राहकाला माहीत नसतं, आणि माहीत होतं तेव्हा उशीर झालेला असतो.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं एक परिपत्रक आहे, ग्राहकाच्या बाजूने काढलेलं आणि खरंच चांगलं. त्यात असं आहे की चूक तुमची पण नाही आणि बँकेची पण नाही, तिसऱ्याच कुणीतरी तुमच्या खात्यातून पैसे काढले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत तुम्ही बँकेला कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर एका ठरावीक मर्यादेपर्यंतच बोजा. तक्रार आल्यावर १० कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती का होईना खात्यात जमा करायची, आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं, ग्राहकाचं नाही. पण त्याच परिपत्रकात पुढे असंही आहे की नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल, उदाहरणार्थ त्याने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला सांगितली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. सगळं.

म्हणजे "आजोबा, पिन सांगा" असं म्हणणारा मुलगा नुसता पिन विचारत नाहीये, आजोबांना या परिपत्रकाने दिलेलं संरक्षणच तो त्यांच्या हातून काढून घेतोय, त्याला स्वतःला कल्पनाही नसताना. आणि पिन सांगितला नाही तर बिल होत नाही, मागची माणसं चुळबुळ करतात, म्हणून माणूस सांगतो.

माझ्या टेबलावर आलेल्या एक बाई मला अजून आठवतात. २०१८ सालची गोष्ट. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच स्वतःचं कार्ड वापरायला लागल्या होत्या. कुठल्यातरी दुकानात कार्ड देऊन पिन सांगितला, पंधरा दिवसांनी भलत्याच गावातल्या एटीएममधून त्यांच्या खात्यातले चाळीस हजार निघाले. कार्ड त्यांच्या पर्समध्येच होतं. तक्रारीचा फॉर्म भरताना मी विचारलं, पिन कुणाला सांगितला होता का? त्या म्हणाल्या, हो, दुकानात सांगितला होता, तिथे सगळेच सांगत होते. त्यांनी खरं सांगितलं म्हणून तो मुद्दा त्यांच्या विरुद्ध गेला. खोटं बोलल्या असत्या तर कदाचित पैसे मिळाले असते. मी काय करू शकत होते, फॉर्मवर तेच लिहिलं. आज त्यांची क्षमा मागावीशी वाटते.

तेव्हा बऱ्याच कार्डांवर नुसती मागची काळी पट्टी होती, चिप नव्हती. पट्टीतली माहिती दर वेळी तीच असते, त्यामुळे खिशात मावेल एवढ्या यंत्रातून कार्ड एकदा ओढलं की तिची नक्कल तयार, आणि वर पिन कळला की एटीएममधून पैसे. चिप दर व्यवहाराला नवा कोड बनवते म्हणून ती नक्कल चालत नाही. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत जुनी कार्डं बदलून चिपवाली द्यायला लावली ती याचसाठी. पण पट्टी अजूनही कार्डाच्या मागे आहेच बघा, आणि नंबर, मुदतीची तारीख, ते तीन आकडे हे तर बहुतेक कार्डांवर उघडंवाघडं छापलेलं असतं. हॉटेलात बिलाच्या चामड्याच्या फोल्डरमध्ये आपण कार्ड ठेवतो, वेटर ते घेऊन आत जातो, पाच मिनिटांनी परत आणतो. त्या पाच मिनिटांत मोबाइलवर पुढून-मागून दोन फोटो काढले तर? भारतातल्या साइटवर ओटीपी लागतो, ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला हे दुसरं कुलूप आहे, पण बाहेरच्या देशातल्या कित्येक साइट ओटीपी मागतच नाहीत. शंभरातले नव्याण्णव वेटर प्रामाणिक असतील, मी त्यांच्यावर आळ घेत नाहीये, पण माझं पाकीट मी कुणाकडे पाच मिनिटं देऊन ठेवते का?

या बाबतीत २०२० मध्ये एक चांगला नियम आला. नवीन कार्ड बँकेकडून येतं तेव्हा ते फक्त भारतातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला चालतं, ऑनलाइन, परदेशातले व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं हे आपण स्वतः चालू करायचं, आणि पाहिजे तेव्हा ॲपमधून बंद करता येतं, लिमिट पण लावता येतं. आप्पांचं कार्ड त्याच्या आधीचं. मी त्या रात्री ॲपमध्ये बघितलं तर परदेशी व्यवहार चालू! जो माणूस कधी नाशिकच्या पुढे गेला नाही त्याचं कार्ड जगभर उघडं. बंद केलं. वाचकांनी पण हे आजच्या आज आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या कार्डाचं बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता मशीनच्या वायरबद्दल लिहायचंय. हसू नका, मला वाटतं अर्धा प्रश्न वायरचाच आहे. डेबिट कार्डाला दुकानात पिन दाबायची सक्ती झाली १ डिसेंबर २०१३ पासून. त्याआधी नुसती सही चालायची, त्यामुळे मशीन दुकानदाराच्या बाजूला असलं तरी बिघडत नव्हतं. मग नियम बदलला, पिन आला, पण मशीन जिथे होतं तिथेच राहिलं. नोटाबंदीनंतर, म्हणजे नोव्हेंबर २०१६ नंतर, छोट्या छोट्या दुकानांत पण घाईघाईने मशीनं आली आणि ती लागली कॉम्प्युटरशेजारी, प्लगच्या जवळ, काउंटरच्या आतल्या अंगाला. आता ग्राहकाचा हात पोचत नाही, दुकानदार म्हणतो वायर छोटी आहे मॅडम, इकडे येत नाही. एका साडीच्या दुकानात तर मी म्हटलं मी आत येते, तर मालक म्हणाले गल्ल्यापाशी बाहेरच्या माणसाला येऊ देत नाही. त्यांच्या गल्ल्याची त्यांना काळजी, बरोबर आहे त्यांचं. माझा पिन हा माझा गल्ला आहे एवढंच त्यांच्या लक्षात येत नव्हतं. शेवटी सांगितलं तेव्हा त्यांनी मशीन उचलून, वायर ताणून, कसंबसं काउंटरच्या काठापर्यंत आणलं. येत होतं की!

पेट्रोल पंपावर तेच, आपण गाडीत बसलेलो, काच खाली करून कार्ड देतो, मुलगा दहा पावलांवरच्या खोलीत जातो आणि तिथून ओरडतो, पिन काय? हल्ली बऱ्याच पंपांवर बिनवायरचं मशीन असतं, सरळ गाडीपाशी आणतात, किती बरं वाटतं. आणि कॅमेऱ्यांचं बघा. गल्ल्यावर लक्ष ठेवायला कॅमेरा लावतात तो बरोब्बर डोक्यावर, म्हणजे मशीनची बटणं त्यात स्वच्छ दिसत असणार. चोरीसाठी कॅमेरा हवा हे मान्य, पण त्याचा रोख थोडा वळवायला काय जातं? मी स्वतः आता डावा हात आडवा धरूनच पिन दाबते. एकदा मागचे गृहस्थ म्हणाले, आम्ही काय चोर आहोत का. आपल्याकडे हीच अडचण आहे, पिन झाकला की शेजारच्याचा अपमान होतो! म्हणून बायका आणि म्हातारी माणसं भिडेखातर झाकत नाहीत. टॅप करणारं कार्ड असेल तर ५००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा आहे, पण तिथेसुद्धा मुलं कार्ड आपल्या हातातून घेऊन स्वतः टॅप करतात. का? मशीन पुढे करा, मी टेकवते.

हे झालं पिनचं. दुसरी गोष्ट मोबाइल नंबरची, आणि ती मला जास्त गंभीर वाटते, कारण पिन बदलता येतो, नंबर आणि त्याला चिकटलेली माहिती बदलता येत नाही.

कार्ड काढलं की कॅशियर आधी विचारणार, "मोबाइल नंबर?" आपण रांगेत उभं राहून दहा आकडे मोठ्याने सांगायचे, मागे कोण उभं आहे काय माहीत. कॉलेजातल्या मुली सांगतात की नंतर अनोळखी माणसाचे मेसेज येतात. नाही म्हटलं तर उत्तर ठरलेलं, सिस्टिम पुढे जात नाही मॅडम. हे खरं नसतं. मी एकदा ठाम उभी राहिले तर त्या मुलीने दहा वेळा नऊ दाबलं आणि बिल निघालं. तिचा काही दोष नाही, तिला वरून सांगितलेलं असतं की प्रत्येक बिलाला नंबर घ्यायचाच. आणि जीएसटीच्या बिलाला तरी नंबर लागतो का, तर साध्या ग्राहकाचं नाव-पत्ता लागतं तेच मुळी ५०,००० च्या पुढच्या बिलाला, २ लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो, मोबाइल नंबर यात कुठेच नाही. औषधांच्या दुकानात म्हणतात आम्हाला रेकॉर्ड ठेवावं लागतं. काही औषधांचं ठेवावं लागतं, खरं आहे, शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतली जी औषधं आहेत त्यांच्यासाठी १ मार्च २०१४ पासून वेगळं रजिस्टर आहे, त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं आणि ३ वर्षं जपायचं. त्यातही पेशंटचा मोबाइल नंबर नाही.

आमच्या ओळखीतल्या एका घरात काय झालं ते सांगते, कोण ते कळणार नाही इतपतच. मुलगा २३-२४ वर्षांचा, नोकरीच्या ताणामुळे झोप उडाली, स्वतःहून मानसोपचार डॉक्टरांकडे गेला, गोळ्या सुरू झाल्या. घरी सांगितलं नव्हतं, सांगणार होता पण त्याच्या वेळेने. औषधं घेताना पॉइंट जमा होतात म्हणून सवयीने वडिलांचा नंबर सांगितला, त्या घराचं खातं त्याच नंबरवर होतं. पैसे स्वतःच्या कार्डाने दिले, त्यामुळे त्याला वाटलं आपण व्यवस्थित. महिन्याभराने वडिलांच्या फोनवर मेसेज, तुमची औषधं संपत आली असतील, पुन्हा ऑर्डर करा, आणि खाली गोळ्यांची नावं. वडिलांनी नावं गुगल केली. त्या रात्री त्या घरात जे झालं ते त्या मुलाने कधी विसरावं असं मला वाटतं, पण तो विसरणार नाही. दुकानाने काय बेकायदेशीर केलं? वडील विचारतील, मी कुठे कुणाचं काय चोरलं, माझ्याच फोनवर मेसेज आला. आणि दुकान म्हणेल, आम्ही तर सेवा देत होतो.

खाजगीपणा म्हणजे काहीतरी लपवायचंय असं आपल्याकडे समजतात. त्या मुलाला काही लपवायचं नव्हतं, त्याला फक्त आधी कुणाला सांगायचं हे स्वतः ठरवायचं होतं. सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, तो खटला सरकारविरुद्धचा होता, पण औषधाच्या दुकानातल्या काउंटरवर मला तो निकाल फार आठवतो.

नियम नाहीत असंही नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना स्पष्ट सांगितलं की बिल देण्यासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला देणं हीसुद्धा. म्हणजे नंबर नाही तर बिल नाही असं म्हणताच येत नाही. मग ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात संमती ही मोकळेपणाने दिलेली, कशासाठी ते माहीत असलेली आणि कुठलीही अट न घालता घेतलेली हवी असं म्हटलंय, डेटा नीट सांभाळला नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. नियम यायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदींना पुढे आणखी दीड वर्षाची मुदत. तोपर्यंत किती नंबर गोळा झालेले असतील!

माझी भाची कॅलिफोर्नियात असते, तिने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. तिथे १९७१ चा एक कायदा आहे आणि १९९० मध्ये त्यात कलम घातलं, क्रेडिट कार्डाने पैसे देणाऱ्याकडून दुकानदाराने व्यवहाराला गरज नसलेली वैयक्तिक माहिती मागून लिहून ठेवायची नाही. एका बाईंकडे दुकानात पिनकोड मागितला होता, नुसता पिनकोड, आणि २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पिनकोड हीसुद्धा वैयक्तिक माहिती, कारण नाव आणि पिनकोड जोडून दुकान घरचा पत्ता शोधून काढतं. इथे आपण पूर्ण नंबर देतो, कधी वाढदिवस पण देतो, लग्नाचा वाढदिवस पण. कार्डावरचं नाव तर दुकानाला दिसतंच. जोडायला काय राहिलं?

माझी विनंती व्यापारी संघटनांना आहे आणि मशीन पुरवणाऱ्या बँकांना आहे. मशीन बसवायला माणूस येतो तेव्हाच ते ग्राहकाच्या बाजूला बसवा, वायर लांब द्या, नाहीतर बिनवायरचं द्या. मशीनवर मराठीत दोन ओळी चिकटवा, पिन स्वतः दाबा, कुणाला सांगू नका. दुकानातल्या मुलांना पहिल्या दिवशी हे शिकवा, ती मुलं वाईट नाहीत, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. मोबाइल नंबर हवाच असेल तर विचारा की पॉइंट हवेत का, नको म्हटलं तर विषय तिथे संपवा, आणि औषधांची नावं मेसेजमध्ये पाठवणं तर आजपासून थांबवा. ग्राहकांसाठी दोन नंबर देते, कापून फ्रिजवर लावा. दुकानाने नंबरची सक्ती केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. कार्डातून पैसे गेले तर आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा आणि लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

आप्पांच्या त्या मेडिकलमध्ये मी दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी नसताना गेले. मालकांना परिपत्रकातली ती ओळ वाचून दाखवली. ते आधी थोडे नाराज झाले, म्हणाले आमच्या दुकानात असं कधी काही झालं नाही, आजोबा आमच्या घरच्यासारखे. मी म्हटलं, म्हणूनच तुमच्याकडे आले. मग त्यांनी स्वतःच खाली वाकून वायर कुठून येते ते बघितलं. या महिन्यात गेलो तर मशीन काउंटरवर बाहेरच्या बाजूला होतं, दोन फुटांच्या नव्या वायरला जोडलेलं. मुलाने ते आप्पांसमोर सरकवलं आणि स्वतः पाठ फिरवून औषधं भरायला लागला. आप्पांना चष्मा लावून चार बटणं शोधायला बराच वेळ लागतो, त्यात पिन नवा, एकदा चुकला पण. मागे तीन माणसं होती, थांबली.

आपली,
एक वाचक, डोंबिवली पूर्व